रोज सकाळी गाडीची बॅटरी उतरलेली असेल तर उद्यमनगरातल्या या मिस्त्रींकडे जा, पण वेळ काढून जा

पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो पार्किंगचा आणि मिस्त्रींच्या बोलण्याचा मिळून, त्याबद्दल खाली लिहितोच, पण कामाला नावं ठेवायला जागा नाही. कोल्हापुरात राहून ज्यांची गाडी संध्याकाळी ठणठणीत असते आणि सकाळी नुसती टक टक करते, आणि ज्यांना प्रत्येक जण "बॅटरी गेली, नवीन टाका" एवढंच सांगतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दुकान शिवाजी उद्यमनगरात, लेथ आणि वेल्डिंगवाल्यांच्या गल्लीत. पाटी आहे पण तिच्यावरचं नाव उन्हापावसानं गेलंय, "सेल्फ, डायनामो, वायरिंग" एवढंच वाचता येतं, त्यामुळं दुकानाचं नाव मला विचारू नका, तिथं कुणालाही "वायरिंगचे मिस्त्री कुठं बसतात" म्हणालं की बोट दाखवतात. एक शटर, आत एक लाकडी टेबल, टेबलावर उघडलेले डायनामो, आणि बाहेर रस्त्यावरच गाड्यांचं काम.

आमची गाडी २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती करंट साठतो त्याचं माप). दुखणं असं की रात्री व्यवस्थित लावायची आणि सकाळी किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे लाईट मंद, सेल्फ उचलायचं नाव नाही. शेजारच्यांच्या गाडीवरनं जंपर लावला की लगेच स्टार्ट, दिवसभर काही तक्रार नाही, दुसऱ्या दिवशी परत तेच. पप्पांनी एका बॅटरीच्या दुकानात दाखवली, त्यानं वरचा तो गोल डोळा बघितला, काळा आहे म्हणाला, जुनी घेतली नवीन बसवली, मीटर काही लावला नाही. आता हा डोळा म्हणजे काय तर सहापैकी एकाच सेलमधलं पाणी बघणारी काडी असते, बाकीच्या पाच सेलचं त्याला काही माहीत नसतं, त्यामुळं हिरवा दिसला म्हणजे बॅटरी चांगली असं नाही आणि काळा दिसला म्हणजे संपली असंही नाही, नुसती चार्जिंगला लावायची असू शकते. नवीन बॅटरीवर काही दिवस बरं चाललं आणि मग परत टक टक. मग एका गॅरेजवाल्यानं सांगितलं डायनामो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो, बदलायला लागेल, आकडा असा सांगितला की पप्पा चहा अर्धा ठेवून उठले. तिथनं कुणाच्या तरी सांगण्यावरनं आम्ही उद्यमनगरात.

मिस्त्री वयस्कर, बोलणं तोडून. पहिला प्रश्न, "गाडी पुरातली हाय का?" मला आधी कळेना, मग लक्षात आलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा ज्या गाड्या बुडाल्या त्यातल्या काही धुऊन पुसून पुढं गेल्या, वरून चकाचक, पण सीटखालच्या कार्पेटच्या आत कनेक्टर हिरवे पडलेले, तिथनं करंट जिरतो आणि काही केल्या सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमची पहिल्यापासून आमच्याकडंच, त्यामुळं तो विषय संपला. दुसरा प्रश्न, "बाहेरनं काय काय बसवलंय?" कंपनीनं दिलेलं नाही, नंतर बसवलेलं. आम्ही सांगितलं, अँड्रॉइड स्टिरिओ आणि रिव्हर्स कॅमेरा, एका ॲक्सेसरीच्या दुकानातनं. नुसतं "हं" म्हणाले.

मग मापायला सुरुवात, आणि मला हे दुकान आवडलं ते इथनंच, कारण तोपर्यंत एकानंही गाडीला मीटर लावला नव्हता. आधी हेडलाईट दोन मिनिटं चालू ठेवून बंद केल्या, कारण गाडी नुकती चालवून आणली की बॅटरीच्या वरवर चार्ज असतो आणि मीटर उगाच चांगला आकडा दाखवतो. मग बघितलं तर १२.२ व्होल्ट. फुल बॅटरी निवांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी आणि ११.८-११.९ म्हणजे उतरलीच. पप्पा म्हणाले बारा व्होल्टची बॅटरी, बाराच्या वर आहे म्हणजे चांगली ना, तर मिस्त्री म्हणाले, "बाराला पाव बी ऱ्हात न्हाई ओ." मग सेल्फ मारताना मीटर बघितला, दहाच्या वर राहिला, साडेनऊच्या खाली गेला असता तर बॅटरीवर संशय होता. इंजिन सुरू करून १४.२, मग एसी, हेडलाईट, ब्लोअर सगळं लावून १३.९. म्हणजे डायनामो चार्जिंग व्यवस्थित करतोय आणि बॅटरी निम्मी उतरलेली असूनसुद्धा सेल्फ उचलतेय. ज्या दोन गोष्टींवर आम्हाला खर्च सांगितला होता (एकावर तर करूनही बसलो) त्या दोन्ही पाच मिनिटांत बाजूला.

"बॅटरी बरी हाय तुमची. गाडी रात्री झोपत न्हाई."

आता झोपत नाही म्हणजे काय, तर किल्ली काढली तरी गाडीत थोडा करंट चालूच असतो, घड्याळ, रिमोट लॉक, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी वगैरे. दार बंद केल्यावर हे सगळे कॉम्प्युटर एकेक करून झोपतात आणि मग जो करंट उरतो तो साधारण २०-३० मिलीअँपिअर (म्हणजे ०.०२-०.०३ अँपिअर), ५० पर्यंत ठीक. त्याच्या वर गेलं की कुठंतरी लीकेज आहे. हे मापायचं म्हणजे गाडी खरोखर झोपेपर्यंत थांबावं लागतं, आणि बहुतेक गॅरेजमध्ये इथंच गडबड होते, बॉनेट उघडून लगेच मीटर लावतात, दोन-तीन अँपिअर दिसतात आणि भलत्याच वस्तूवर बोट ठेवतात.

मिस्त्रींची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी चारही काचा खाली, म्हणजे लॉक लागलं तरी हात आत जातो. मग ड्रायव्हरचं दार उघडंच ठेवून दाराच्या कुलपात जो खटका असतो त्याच्यात स्क्रूड्रायव्हर घालून दोनदा दाबला, कट् कट्, की गाडीला वाटतं दार बंद झालं आणि आतला लाईट विझला, आता दार उघडं असताना फ्यूजबॉक्सपर्यंत हात जातो आणि गाडी मात्र झोपायला लागते. किल्ली लांब टेबलावर. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता वरून चिमट्यासारखा अडकवून करंट मोजतात तो, शून्यावर आणून बॅटरीच्या काळ्या केबलला अडकवला आणि स्टूलवर बसले. सुरुवातीला ३.१ अँपिअर, थोड्या वेळानं १.९, मग चहा आला, मग ०.८७, आणि तिथंच आकडा खिळून बसला. मधेच पप्पांनी चष्मा राहिलाय म्हणून मागचं दार उघडलं, झालं, आकडा परत तीनवर आणि मिस्त्रींनी पप्पांकडं असं बघितलं की पप्पा चष्मा न घेताच मागं सरकले. परत वीसेक मिनिटं. परत ०.८७.

मी विचारलं की यूट्यूबवर तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मधे मल्टिमीटर लावतात, तसं का नाही. म्हणाले केबल काढली की सगळे कॉम्प्युटर परत पहिल्यापासून जागे होतात, आणि एखादा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) चिकटलेला असला तर त्या धक्क्यानं सुटतो, मग मीटरवर काहीच दिसत नाही आणि गिऱ्हाईक दोन दिवसांनी परत दारात. शिवाय मधे मीटर असताना कुणी किल्ली फिरवली की मीटरचा फ्यूज उडाला. क्लॅम्पला हा त्रास नाही. (घरी घेणाऱ्यांसाठी सांगतो, घरातल्या वायरिंगवाल्यांकडं असतो तो स्वस्तातला क्लॅम्प मीटर बहुतेक वेळा फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेचे अँपिअर मोजतो, गाडीच्या केबलवर तो शून्यच दाखवणार, डीसी (बॅटरीच्या करंटचे) अँपिअर लिहिलेला बघून घ्या आणि त्यात छोटी रेंज आहे का तेही बघा.)

फ्यूज शोधायची पद्धत तर मी पहिल्यांदाच बघितली. मला वाटलं आता एकेक फ्यूज उपटणार. तसं नाही, फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक भोकं असतात ती कधी लक्ष देऊन बघितली नव्हती, त्यात मीटरच्या दोन टोकदार सुया टेकवायच्या आणि मिलिव्होल्ट बघायचे. ज्या फ्यूजमधनं करंट जात नाही तिथं शून्य, जिथनं जातोय तिथं थोडेसे मिलिव्होल्ट. फ्यूज जागचा हलत नाही त्यामुळं झोपलेलं काही जागं होत नाही. ०, ०, ०, एका ठिकाणी ०.१, ते मेमरीचं म्हणाले, आणि मग पंधरा अँपिअरच्या निळ्या फ्यूजवर ४.१. तोच काढला, क्लॅम्पवर ०.८७ चा झाला ०.०३. सापडला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर काही नाही, मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

त्या फ्यूजवर आतला लाईट आणि स्टिरिओ दोन्ही. लाईट तर विझलेला दिसतच होता, म्हणून स्टिरिओची फ्रेम काढली. मागं बघितलं तर ॲक्सेसरीवाल्यानं स्टिरिओची पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तीही सुटत आलेली. पिवळी वायर कायम बॅटरीवर असायला पाहिजे, मेमरीसाठी, तिला नगण्य करंट लागतो. लाल वायर किल्लीवर, म्हणजे किल्ली काढली की लालचा करंट बंद आणि स्टिरिओला कळतं की आता झोपायचं. दोन्ही एकत्र जोडल्या की स्टिरिओला चोवीस तास किल्ली चालूच वाटते. स्क्रीन बंद केला की आपल्याला वाटतं बंद झाला, पण हे अँड्रॉइडवाले सेट आत कॉम्प्युटरच असतात, स्क्रीन काळा असला तरी आत काम चालू. दुकानवाले असं का करतात तर किल्लीवरची लाईन शोधायला टेस्ट लॅम्प लावून पाच मिनिटं जातात आणि बाहेर तीन गाड्या थांबलेल्या असतात. शिवाय गिऱ्हाईकालाच किल्ली न लावता गाणी ऐकायची असतात हेही आहेच, पण आम्ही काही तसं सांगितलं नव्हतं.

आता हिशेब बघा म्हणजे नवीन बॅटरी पण का झोपली ते कळेल, मला तरी हे कळल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ०.८५ च्या आसपास अँपिअर आणि रात्रीचे अकरा तास, म्हणजे नऊ-साडेनऊ एएच, ३५ मधला पाव भाग तिथंच गेला. सकाळी राजारामपुरीतनं शाहूपुरीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गाडी चालणार, सिग्नलला एसी लावून उभी राहणार, तेवढ्यात गेलेल्यातला निम्मासुद्धा परत भरत नाही. आणि ऑफिसखाली दिवसभर उभी असते तेव्हा परत तीच गळती. पगार चार आणि खर्च नऊ, नवीन बॅटरी म्हणजे फक्त सुरुवातीची शिल्लक जास्त, संपायचं ते संपणारच. उलट ०.०३ अँपिअरवर दिवसाला पाऊण एएच सुद्धा जात नाही, तीन आठवडे गाडी न हलवता ठेवली तरी चांगली बॅटरी सेल्फ उचलायला पाहिजे. आणि सारखी तळापर्यंत उतरवली की आतल्या प्लेटांवर सल्फेट जमतं, बॅटरीची ताकद कायमची कमी होते, म्हणजे दुखणं वायरिंगचं आणि मरते बॅटरी, मग दुकानदार म्हणतो बघा बॅटरीच खराब होती.

दुरुस्ती म्हणाल तर लाल वायर किल्लीवरच्या लाईनला घेतली, मधे छोटा फ्यूज होल्डर टाकला, जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवून गरम केली, चिकटपट्टी औषधाला नाही. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलिन लावलं. बॅटरी काढून रात्रभर दुकानातच हळू चार्जिंगला ठेवली, साडेतीन अँपिअरवर, म्हणजे एएचचा दहावा भाग. गाडी चालवून चार्ज होईल की म्हणालो तर म्हणाले डायनामो राखायला असतो, मेलेली उठवायला नव्हं. दुसऱ्या दिवशी बॅटरी बसवून परत क्लॅम्प लावून ०.०३ दाखवला आणि मगच पैसे घेतले. तपासणी ३००, वायरिंग ४५०, चार्जिंग १००, एकूण ८५०. यापेक्षा जास्त तर नव्या बॅटरीच्या किमतीवर घासाघीस करून सोडवले होते.

त्यानंतर गाडी पन्हाळ्यावर जाऊन आली, गणपतीत गावाला गेलो तेव्हा बंद उभी राहिली, कुठंही जंपर लागलेला नाही.

बाकी बसल्या बसल्या मिस्त्रींकडनं जे ऐकलं तेही टाकतो, कुणाच्या तरी कामाला येईल. डिकीचा किंवा समोरच्या कप्प्याचा दिवा बंद होतोय का हे बघायचं असेल तर मोबाईल व्हिडिओवर लावून आत ठेवा आणि झाकण बंद करा, नंतर बघा. पाच वॅटचा दिवा म्हणजे ०.४ अँपिअर, छोटा वाटतो पण सुट्टीत गाडी चार दिवस उभी राहिली की खेळ खलास. डॅशकॅमला पार्किंग मोड लावला असेल तर तो व्होल्टेज कमी झाल्यावर स्वतःहून बंद होणारा पाहिजे. डॅशबोर्डखालच्या पोर्टला लावून ठेवलेले डोंगल काढून बघा, काही गाड्यांना ते झोपूच देत नाहीत. सगळे फ्यूज काढूनसुद्धा करंट दिसत असेल तर डायनामोची जाड वायर काढून बघायची, आतला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) गेला असेल तर तिथनं उलटा करंट जातो आणि डॅशखालच्या फ्यूजवर तो दिसतच नाही. आणि नाही, फास्टॅगनं बॅटरी उतरत नाही, आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर एकांनी ठामपणे लिहिलं होतं, त्या स्टिकरला गाडीची वायरच जोडलेली नसते तर करंट जाणार कुठनं.

मिस्त्रींकडं जायच्या आधी घरी एवढं करून बघा, त्यांचाही वेळ वाचतो. रात्री दहा नंबर पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून ठेवा, नेहमी निगेटिव्हच आधी काढायची आणि शेवटी लावायची, नाहीतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी पडते. सकाळी केबल लावून गाडी झटक्यात स्टार्ट झाली तर बॅटरी बहुतेक चांगली आहे, गाडीत लीकेज आहे. बॅटरी फुल चार्ज करून ठेवली होती आणि तरी सकाळी मेलेली असेल तर बॅटरीतच गडबड, मग वॉरंटी कार्ड शोधा. घड्याळ परत लावायला लागेल, काही गाड्यांना काच एका दाबात वर-खाली होण्याचं सेटिंग आणि स्टिरिओचा कोड पण. नव्या गाड्यांमध्ये निगेटिव्हवर सेन्सरचा डबा असतो आणि किल्लीविना स्टार्टवाल्या गाड्यांची भानगड वेगळी, तिथं हे स्वतः करण्यापेक्षा विचारून करा.

आता तक्रारी. पार्किंग नाहीच, गल्लीत समोरून टेंपो आला की काम चालू असलेली गाडी हलवायला लागते, आणि झोपवत ठेवलेली गाडी हलवली म्हणजे सगळं पहिल्यापासून, आमच्या पुढच्या नंबरच्या माणसावर ही वेळ आली. फोन उचलत नाहीत. "किती वेळ लागेल" हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारलात तर किल्ली परत हातात देतात, थट्टा नाही, एकाला माझ्यासमोर दिली. छापील बिल नाही, कागदावर आकडे लिहून देतात, कंपनीच्या गाडीसाठी बिल पाहिजे असेल त्यांनी दुसरीकडं जावं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिकला हात लावत नाहीत, सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीची बॅटरी बदलायची असेल तर सरळ सर्व्हिस सेंटरला जा म्हणतात, कारण त्यातल्या काहींना नवीन बॅटरी बसवल्याचं मशीन लावून गाडीला कळवावं लागतं आणि ते मशीन त्यांच्याकडं नाही. मला हे उलट आवडलं, नाहीतर जमत नाही म्हणणारा मेकॅनिक कुठं भेटतो.

निम्मा दिवस हातात ठेवून सकाळी दहाच्या आत पोचा म्हणजे नंबर लागतो. रविवारी बंद. यूपीआय चालतं, कोड शेजारच्या चहाच्या टपरीवर चिकटवलाय, दुकानात शोधू नका. आणि दुपारी दीड ते तीन शटर अर्धं खाली असतं, तेव्हा बाहेर हॉर्न वाजवू नका, मिस्त्री उठत नाहीत, शेजारचा वेल्डिंगवाला मात्र बाहेर येऊन ओरडतो.